जुनी घरे आणि नवे नियम

मृग तोंडावर आला म्हणजे खानदेशातील जुन्या घरांच्या दारी दोन गोष्टी येतात. एक खारी माती. धाब्यावर पावसापूर्वी खारीचा थर पसरावयाचा, तो चोपून घ्यावयाचा, पन्हळी मोकळ्या करावयाच्या, ही रीत शहरांतून बहुतेक उठली असली, तरी धुळ्याच्या गल्ल्यांत व जुन्या जळगावात ती पाळणारी घरे अद्यापि सापडतात. दुसरी गोष्ट महानगरपालिकेची नोटीस. आपली इमारत जीर्ण व धोकादायक झाली असून ती तत्काळ रिकामी करावी, दुरुस्त करावी अथवा उतरवून घ्यावी. तसे न केल्यास होणाऱ्या जीवित व वित्तहानीची जबाबदारी सर्वस्वी आपणांवर राहील, असा तिचा आशय. खारीने घर आणखी एक पावसाळा तगते, हे अनुभवाने ठाऊक आहे. नोटिशीने नेमके काय होते, याचा विचार मात्र आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाही.

हा विषय इंजिनिअरांचा व वकिलांचा आहे, त्यात सामान्य वाचकाने कशास पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्यांच्या घरास तीस वर्षे होऊन गेली आहेत असे वाचक या मासिकास थोडे नसतील, आणि तीस वर्षांच्या मर्यादेचे महत्त्व पुढे येईलच. शिवाय येथे जो मूळ प्रश्न आहे तो निव्वळ नीतीचा आहे. जे घर बांधताना कोणताही नियम मोडला गेला नाही, त्यास पुढील काळात निघालेला नियम लावण्याचा शहरास अधिकार आहे काय? आणि असला, तर त्यापायी पडणारा भार कोणी उचलावा? यांतील पहिला प्रश्न न्यायालयांत विचारला जातो. दुसरा बहुधा कोणीच विचारीत नाही. आम्हांस असे वाटते की दुसऱ्याचे उत्तर देण्याची ज्याची तयारी नाही, त्याने पहिल्याचे उत्तर देऊ नये.

धुळ्यापासूनच आरंभ करू. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज, ज्याने पुढे फिरिश्त्याच्या इतिहासाचे इंग्रजी भाषांतर केले तोच हा, जिल्ह्याचा कारभार पाहू लागला. १८१९ मध्ये त्याने मुंबई-आग्रा मार्गावरील व पांझरेकाठचे धुळे हे ठाणे म्हणून निवडले, नव्या पेठेची आखणी केली आणि बऱ्हाणपुराकडील व्यापाऱ्यांस बांधकामासाठी जागा व कर्जे देऊन तेथे आणले. आजही धुळ्याच्या गल्ल्या नावांनी न ओळखता क्रमांकांनी ओळखल्या जातात. रस्ते सरळ, आखणी सुटसुटीत. पाहणाऱ्यास कौतुक वाटते. पण ब्रिग्जचे काम सोपे होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मोकळ्या जमिनीवर नियम घालणे म्हणजे कोऱ्या कागदावर रेघा ओढणे होय. तेथे कोणाची चूल हलवावी लागत नाही. आणि विशेष म्हणजे, त्याने लोकांस नियमाबरोबर जागा व कर्जही दिले होते. त्याच्यानंतरच्या नियमकर्त्यांनी यांतील रेघा तेवढ्या उचलल्या.

पुढे १८७२ मध्ये पांझरेस महापूर आला आणि शहरातील घरादारांची मोठी हानी झाली. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा भूकंप झाला. तापीचे खोरे व सातपुड्याचा पायथा हा भूकंपाच्या दृष्टीने अगदीच निर्धास्त प्रदेश नव्हे, हे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. परंतु पूर व भूकंप हे प्रसंगी येणारे पाहुणे. खानदेशी घराचा नित्याचा वैरी म्हणजे मुरणारे पाणी व वाळवी.

हे घर कसे असते ते अलीकडच्या वाचकांस थोडे सांगितले पाहिजे. खाली दगडी जोते. वर पांढऱ्या मातीच्या किंवा मातीत रचलेल्या दगडविटांच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती. आत सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलचन, आणि त्यावर मातीचे धाबे. घराचा वकूब खणांत मोजावयाचा. जळगावचा उन्हाळा ज्याने भोगला आहे त्यास या रुंद भिंतींचे मोल निराळे सांगावयास नको. पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे जातो तेव्हाही आतल्या खोलीत माणूस झोपू शकतो. अशा घराचे आयुष्य ठरीव नसते. त्याची निगा जोवर चालू असेल तोवर ते उभे असते. निगा थांबली की पाणी प्रथम भिंतीच्या माथ्यात शिरते, मग तुळईच्या टोकाशी, जेथे ते कोणास दिसत नाही. कित्येकदा निगा राखण्याच्या हौसेनेच घर मरते. मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा दिला की ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते. दरवर्षी खारीवर खारी चढवीत गेले की छपराचे ओझे तुळयांस पेलत नाही. आणि बाहेरून पाहणाऱ्यास तर गिलावा दिलेले घर अधिक मजबूत वाटते!

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस जे घडले ते या विषयातील सर्वांत कठोर व्याख्यान होय. लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे मातीत रचलेल्या जड दगडी भिंती व मातीच्या माळवदांखाली गाडली गेली. त्यानंतर दगडी घर म्हणजे मृत्यूचा सापळा अशी समजूत सर्वत्र पसरली. परंतु तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा असे आढळले की, पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या तरी आतला लाकडी सांगाडा तसाच उभा होता. पुढील पुनर्वसनाच्या कार्यात गावेच्या गावे नव्याने वसविली गेली, तशीच जुनी घरे न पाडता बळकट करण्याचेही काम झाले: भिंतीचे दोन्ही पदर एकमेकांस जखडणारे आरपार दगड बसविणे, घरास सभोवार पट्टा घालणे, खांब व तुळई यांच्या सांध्यात तिरपे आधार देणे, छपरावरील माती कमी करणे. यांतील एकही काम गावच्या गवंड्यास व सुताराच्या हातास न झेपणारे नाही. अशा घरांसाठी भारतीय मानक संस्थेने त्याच वर्षी, १९९३ मध्ये, स्वतंत्र मानके काढलेली आहेत. सारांश, जुन्या घरापुढे पडणे किंवा पाडणे एवढेच दोन मार्ग आहेत, हे खरे नाही.

आता कायद्याकडे वळू. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र शासनाने मुंबई व आणखी काही क्षेत्रे वगळून साऱ्या राज्यास एकच एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. धुळे व जळगाव तिच्या कक्षेत आली. गावठाणातील दाट वस्तीस तीत सवलतीचे निराळे नियम आहेत. जीर्ण व धोकादायक इमारतींच्या पुनर्विकासास जादा चटईक्षेत्राचे प्रोत्साहन आहे. परंतु नियमावलीचे मुख्य लक्ष जे बांधावयाचे आहे त्यावर असते. जे उभे आहे त्याचा समाचार महानगरपालिका अधिनियमाने घ्यावयाचा. त्याच्या २६४ व्या कलमान्वये पडावयास झालेली इमारत पाडण्याची, सावरण्याची वा दुरुस्त करण्याची नोटीस आयुक्तांनी द्यावयाची. आणि २६५-अ या मागाहून घातलेल्या कलमान्वये तीस वर्षे उलटलेल्या इमारतीची, ज्यास हल्ली सर्वजण स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात ती, परीक्षा मालकाने वा भोगवटादाराने नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घ्यावयाची. परीक्षेनंतरची वर्गवारीही राज्यात ठरलेली आहे. तत्काळ पाडावयाच्या त्या सी-१. रिकाम्या करून दुरुस्त करावयाच्या त्या सी-२अ. राहत्या घरीच दुरुस्त करता येतील त्या सी-२ब. किरकोळ डागडुजीच्या त्या सी-३. ही वर्गवारी शहाणपणाची आहे असे आम्ही मुक्तकंठाने म्हणतो. रोगाच्या चार पायऱ्या तीत मानलेल्या आहेत.

तीस वर्षांच्या रेषेबद्दल मात्र थोडे बोलले पाहिजे. ऑगस्ट २०२० मध्ये महाड येथे एक बहुमजली इमारत कोसळून १६ माणसे दगावली. तिला बांधून दहा वर्षेही झाली नव्हती. पुढच्याच महिन्यात भिवंडीत १९८४ ची एक इमारत पहाटे खचली व तीसहून अधिक माणसे गेली. एकीस तीस वर्षांचा नियम लागू होता, दुसरीस तो लागूच नव्हता. मरणाऱ्यांस या भेदाचा काही उपयोग झाला नाही. वय हे संशयाचे कारण होऊ शकते, दोषाचा पुरावा होऊ शकत नाही. सव्वाशे वर्षांचा सागवानी खांब ठणठणीत असतो, आणि खाऱ्या वाळूत कालवलेले काँक्रीट विशीतच आतून गंजते. नियमाने धोका मोजावा. केवळ निराळेपणा मोजू नये. नव्या नियमावलीत मातीच्या भिंतीस स्थान नाही एवढ्यावरून मातीची भिंत धोकादायक ठरत नाही.

अधिकाराच्या प्रश्नावर आमचा विशेष मतभेद नाही. रोमन कायद्यात एक मोठा मार्मिक उपचार होता. शेजाऱ्याचे घर आपल्या अंगावर पडेल अशी धास्ती असणाऱ्यास, नुकसान होण्यापूर्वीच, त्या शेजाऱ्याकडून भरपाईची हमी मागता येई; हमी न दिल्यास प्रेटर त्या घराचा ताबाच भीतिग्रस्त शेजाऱ्यास देई. आपले घर पडू देण्याचा मालकाचा हक्क शेजाऱ्याच्या भिंतीशी संपतो, हे तत्त्व इतके जुने आहे. अलीकडचे उदाहरण न्यूयॉर्कचे. १९०१ च्या तेथील चाळविषयक कायद्याने नव्या चाळींबरोबर उभ्या असलेल्या चाळींसही नियम लावले. अंगणातील सामायिक संडास काढून घरात पाण्याचे संडास करण्याचा हुकूम त्यांत होता. मोशेन नावाच्या एका मालकिणीने तक्रार केली की, माझे संडास त्या वेळच्या आरोग्यखात्याच्या संमतीनेच बांधलेले आहेत, आता ते बेकायदेशीर कसे? तक्रार भावनेस पटणारी होती. तथापि १९०४ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने व १९०६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. काल दिलेली परवानगी म्हणजे उद्या कोणाचे आरोग्य बिघडविण्याची सनद नव्हे. आम्हांस हा निर्णय योग्य वाटतो. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात जुन्या विटांच्या इमारती ढासळून जे लोक मेले, त्यांतील बहुतेक त्या घरांत राहणारे नव्हतेच. ते रस्त्यावरून जाणारे होते. माझे घर, माझा जीव, असे म्हणणाऱ्यास हे उत्तर पुरेसे आहे. मालक स्वतःचा धोका पत्करू शकतो. भाडेकरूच्या मुलाचा व खालून जाणाऱ्या दूधवाल्याचा धोका पत्करण्याची त्यास मुभा नाही.

पण इतके मान्य केल्यावरच खरी अडचण सुरू होते. समजा, धुळ्याच्या एखाद्या गल्लीतील दुमजली घर आहे. मालक चार भाऊ. दोघे पुण्यास, एक सुरतेस, एक दिवंगत. खाली एक दुकान व मागे दोन बिऱ्हाडे, त्यांचे भाडे आजच्या काळात एका वेळच्या भाजीस पुरणार नाही इतके. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने व त्याच्या जागी आलेल्या १९९९ च्या कायद्याने भाडेकरूस रस्त्यावर येण्यापासून वाचविले, हे उपकार विसरण्यासारखे नाहीत. पण गोठलेल्या भाड्यातून तुळई बदलता येत नाही, हेही तितकेच खरे. मालक म्हणतो, उत्पन्न नाही तर खर्च का करू? भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही तर खर्च का करू? अशा घरावर नोटीस लागली म्हणजे तिघांच्या मनात तीन निरनिराळे विचार येतात. भाडेकरूस वाटते, आता आपणांस घालविणार. मालकांपैकी एखाद्यास, उघड न बोलता, तेच वाटते आणि आनंद होतो. आणि ज्या कचेरीतून नोटीस निघाली तेथे वाटते की, आपले कर्तव्य झाले.

आमचा आक्षेप या तिसऱ्या समजुतीवर आहे. भिंत पडणार हे ठाऊक नसेल तोवर दोष अज्ञानाचा. ठाऊक झाल्यावर तो जाणणाऱ्याचा. जो जाणतो त्यास कर्तव्य चिकटते, आणि ते कागद दुसऱ्याच्या दारावर चिकटवून सुटत नाही. नोटिशीप्रमाणे काम न झाल्यास पालिकेने ते स्वतः करून खर्च वसूल करावा, अशी सोय आहे. परंतु ती बहुधा पाडण्यापुरती वापरली जाते, सावरण्यासाठी क्वचित. नोटिशीतले शेवटचे वाक्य, जबाबदारी सर्वस्वी आपणांवर राहील, हे वाक्य आम्हांस त्या पडक्या भिंतीइतकेच धोकादायक वाटते. पडणाऱ्या भिंतीखालचा मनुष्य ज्या शहराचा रहिवासी आहे, त्या शहराने त्याच्या मरणाची जबाबदारी आगाऊ झटकून ठेवलेली असते. विहिरीत पडणाऱ्यास काठावरून सूचना देणारा मनुष्य पुढे ती सूचना दिल्याची पोच मागू लागला, तर त्यास आपण काय म्हणू?

सरकारने सर्वांची घरे दुरुस्त करावीत काय, तिजोरी कोठून आणावी, असे विचारले जाईल. विचारावयासच पाहिजे. परंतु याच राज्यात मुंबईसाठी १९६९ मध्ये कायदा होऊन जुन्या इमारतींवर दुरुस्ती-उपकर बसला व दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. एकोणीस हजारांहून अधिक इमारती त्याच्या छत्राखाली आल्या. त्या मंडळाचा कारभार निर्दोष झाला असे कोणीही म्हणणार नाही. उपकर अपुरा पडला, इमारती पडत राहिल्या, संक्रमण-शिबिरांत माणसे म्हातारी झाली. तरीही त्यात एक तत्त्व मान्य झाले होते: मालक, भाडेकरू व सरकार या तिघांनी मिळून जुन्या घराचा भार वाहावयाचा. मुंबईच्या चाळीस जे तत्त्व लागू, ते जळगावच्या पेठेतील वाड्यास का लागू नाही, याचे उत्तर आम्हांस कोठे मिळाले नाही. रोगाच्या चार पायऱ्या मानल्या, तशा भाराच्याही पायऱ्या मानता येतील. परदेशांतील अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात पूर्वी असा प्रकार होता की, जुन्या इमारतीस थोडा मोठा हात लावला की सबंध इमारत नव्या नियमांस उतरविणे भाग पडे. परिणामी कोणी हातच लावीत नसे. १९९८ मध्ये त्यांनी नियम बदलला: जितके काम कराल तितकीच सुधारणा मागू. न्यूझीलंडने तर २०१६ च्या कायद्यात व त्याखालील नियमांत जुनी इमारत नव्याच्या सुमारे एक-तृतीयांश बळाची तरी असावी, एवढीच किमान रेषा धरली. सर्वस्व मागणाऱ्या नियमास माणूस चुकवतो. थोडे मागणाऱ्यास तो निदान दार उघडतो. आपल्याकडेही खोली रंगवून घेतानासुद्धा कचेरीस कळू नये म्हणून रात्री पोती आणणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. ती गुन्हेगार नव्हती, भ्यालेली होती.

येथे ओघाने एक गोष्ट. सार्वजनिक इमारतींस मात्र आम्ही ही सवलत देण्यास तयार नाही. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने जुन्या इमारतींसही वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, अग्निशमन-यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र देणे बंधनकारक केले. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने अस्तित्वातील साऱ्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सर्वांस वावरता येतील अशा करावयाच्या होत्या; ती मुदत जून २०२२ मध्ये संपली. ज्या कचेरीत जिन्याखाली चाकाची खुर्ची थांबते आणि विजेच्या फळीशेजारी जुन्या दप्तरांचे गठ्ठे रचलेले असतात, तेथून निघालेल्या नोटिशीस नैतिक वजन कसे यावे? जळगाव महानगरपालिकेची सतरा मजली इमारत शहरात कोठूनही दिसते. इतक्या उंचीवरून पाहताना जुन्या पेठांतली धाबी सारखीच दिसत असतील. कोणते सर किडलेले आणि कोणते धड, हे पाहण्यास जिन्याने खाली उतरून आत जावे लागते.

जुने ते सारे राखावे असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. राजवाड्यांचे दप्तर जतन करणारे धुळ्याचे संशोधन मंदिर किंवा बहिणाबाई ज्या घरात नांदल्या तो जुन्या जळगावातील वाडा, यांचा प्रश्न निराळा; त्यांच्या पाठीशी स्मृती आहे आणि स्मृतीस देणगीदार मिळतात. आमचा प्रश्न ज्या घराच्या नावे काहीच जमा नाही त्याचा आहे. ते पडले तर एका दिवसाची बातमी होते. पाडले तर तीही होत नाही.

मागील ज्येष्ठात धुळ्याच्या एका गल्लीत आम्ही असेच एक घर पाहिले. दर्शनी भिंत बाहेर फुगलेली, माडीच्या खिडकीची चौकट निखळलेली, दारावर नोटीस. भिंतीस दोन जाड वासे तिरपे टेकू दिलेले होते, खाली नीट खड्डे करून दगडांत रोवलेले. हे मालकाने केले काय, असे आम्ही विचारले. तेव्हा समोरच्या ओट्यावर बसलेला गृहस्थ उठून आला. मालक येथे राहत नाही, भाडेकरू म्हातारे जोडपे आहे, आणि आपली नात याच भिंतीखालून शाळेत जाते, म्हणून वखारीतून वासे आणून आपणच सुताराकडून ते लावून घेतले, असे त्याने सांगितले. पैसे किती लागले हे त्याने सांगितले नाही. भाडेकरूने निम्मे देऊ केले होते, ते त्याने घेतले नव्हते. मग आम्ही कागदपत्रांतले काही जाणणारे असू असे वाटून त्याने आवाज थोडा खाली आणला आणि विचारले, दुसऱ्याच्या भिंतीस असे टेकू लावण्यास परवानगी लागते काय? उद्या कोणी आक्षेप घेतला तर काढावे तर लागणार नाहीत ना?